एक वीट कमी

फेब्रुवारी सरत आला की कानोच्या मैदानात
न्यांदो नदी नावापुरती उरते
आणि माती कापायला येते.
ओकुम्बेने फावडं मारलं, पातं अडखळलं.
दगड नव्हे. मुळी नव्हे.
ढेकळाच्या माथ्यावर एक भोक,
करंगळी जाईल न जाईल एवढं,
कडा गुळगुळीत,
जणू कोणी रोज वापरतंय.

त्याने कान लावला.
बराच वेळ काही नाही.
मग खोल कुठेतरी
कोरड्या जिभेने टाळूला टिचकी मारावी तसं
एकदा.
पुन्हा बराच वेळ काही नाही.

"कामोंगो," तो पुटपुटला.
भट्टी रचणारे दोघे हसत आले:
कालवण चालत आलं की रे!
चालत नाही आलं, हा म्हणाला.
झोपलंय.

अकेयो शाळेतून परतली तेव्हा
ढेकूळ तसंच होतं, गोणपाटाखाली.
तिला परीक्षेला नेमका हाच धडा.
श्वास घेणं म्हणजे श्वसन नव्हे, बाबा.
श्वास नुसता हमाल.
नाकातून हवा आणतो, रक्ताच्या डोक्यावर देतो,
रक्त ती दारोदार पोचवतं,
खरं काम त्या दारांच्या आत:
एवढीशी पेशी,
तिच्यात त्याहून एवढाल्या चुली.
तिथे उगालीतली साखर जळते,
ज्वाळ नाही, काजळी नाही,
मागे थोडं पाणी उरतं, थोडी वापरलेली हवा,
जी आपण परत बाहेर सोडतो,
आणि ऊब,
आणि फावडं उचलायचं बळ.

ओकुम्बेने शाळा चौथीतच सोडली,
पण भट्टी त्याला कळते.
बावीस वर्षं तो तिची तोंडं उघडतो, लिंपतो.
सगळी उघडी ठेवा, आग माजते,
विटा तडकतात, मध्यरात्रीच लाकूड संपतं.
सगळी लिंपा, गुदमरते.
"म्हणजे हा," त्याने गोणपाटाकडे बोट केलं,
"एकच तोंड ठेवून बसलाय."
हो बाबा.
"आणि लाकूड?"

पुस्तकात ते नव्हतं.
पण बाईंनी सांगितलं होतं:
स्वतःचंच.
शेपूट डोळ्यांवर ओढून घेतो,
अंगाच्या चिकाची कागदासारखी खोळ करतो
आणि आपलंच मांस जरा जरा जाळत राहतो.
घाई नाही. हालचाल नाही.
पाणी येईपर्यंत पुरवायचं.

ओकुम्बे काही बोलला नाही.
त्याला ते साल आठवलं,
हिची आई किसुमूच्या दवाखान्यात होती,
घरात दोन वेळचं एका वेळेवर आलेलं.
संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसे
आणि हलतच नसे.
हललं की भूक लागते.

रात्री भट्टी पेटली.
तळाच्या तोंडांतून वारा आत ओढला जाताना
एक बारीक घरघर होते,
ती ऐकत तो तिथेच चटईवर लवंडला.
अकेयोची पुस्तकं मांडीवर,
डोळे मात्र बापाच्या छातीवर.
मिनिटाला सोळा, तिने मोजले.
पुन्हा मोजले.
दर चौथा-पाचवा जरा अडखळत होता,
बावीस वर्षांची माती आत बसलेली.
तिने हे वहीत लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी आहेरोहून ट्रॅक्टर आला.
डीकन ओलांग पैसे देण्याआधी सगळं स्वतः मोजतात,
चर्चचं काम असलं तरी.
तीन हजार नऊशे नव्याण्णव.
"एक कमी आहे, ओकुम्बे."
"आहे."
"कुठे गेली?"
ओकुम्बेने जुन्या खड्ड्याकडे पाहिलं,
तिथे गोणपाट होतं, कोपऱ्यावर दगड ठेवलेलं,
मधोमध कापून ठेवलेलं एक छिद्र.
"तिला अजून भाजायची नाही," तो म्हणाला.
डीकनांनी एका विटेचे पैसे कापून घेतले.